जादूगारीण राणीची ओटी

चारुशीला असनारेला कुणी 'बिचारी' म्हटलं, की म्हणणाऱ्याचीच पंचाईत व्हायची. अमरावतीच्या अंबापेठेत त्या काळी विधवेला बिचारी म्हणायची रीतच होती, आणि ती पाळली नाही तर बायांना काहीतरी राहून गेल्यासारखं वाटायचं. पण चारुशीला अशी रोखून बघायची की समोरची बाई घाईघाईने विषय बदलून लोणच्याच्या कैऱ्यांवर यायची. नवरा हरिहर शाळेत संस्कृत शिकवायचा. विषमज्वराने आठवड्याभरात गेला. वर्ष सरलं तसं तिने थोरल्या दिरांचं घर सोडलं, पेठेच्याच दुसऱ्या टोकाला दोन खोल्या घेतल्या आणि मुलींच्या शाळेत शिवण शिकवायला लागली. भांडण नाही, तंटा नाही. दीर मोरोपंत वकील होते. "माझ्या मशीनचा खडखडाट आन तुमच्या अशिलायचं रडगाणं, एका घरात दोनी कसे चालतीन, भाऊजी?" एवढंच ती म्हणाली आणि ट्रंक उचलली.

दर्यापूरची लेक ती. बोलणं तिकडचंच, सरळसोट. नागपूरहून आलेली तिची थोरली जाऊ सिंधू शुद्ध बोलायची आणि चारुशीलेचं बोलणं ऐकून पाहुण्यांसमोर कानकोंडी व्हायची. पण भाद्रपद आला की हीच सिंधू चारू, चारू करत तिच्या मागेपुढे फिरायची. कारण महालक्ष्म्या उभ्या कराव्या तर चारूनेच, हे साऱ्या पेठेला ठाऊक होतं.

महालक्ष्म्या उभ्या करणं हे येरागबाळ्याचं काम नव्हे. पत्र्याच्या कोठ्या, त्यांवर मुखवटे, बाजूंना हात, वर साड्या नि दागिने, आणि या सगळ्या सुट्या सामानातून शेवटी बाई दिसली पाहिजे. तीही माहेरपणाला आलेली बाई, प्रवासाने जरा दमलेली, पण खुशीत. चारुशीलेच्या हाताखालून उठलेल्या थोरली आणि धाकटी अशा दिसायच्या, की पाया पडणारी बाई आधी मनातल्या मनात त्यांना बसा म्हणायची.

हरिहर गेला आणि हे संपलं. देवीला उभी करायची ती सवाष्णीने. येऊ नको असं तिला कुणीही सांगितलं नाही. सांगायला तोंड लागतं. नुसतं बोलावणं आलं नाही. चार भाद्रपद असे गेले. शाळेत कुणी विषय काढला तर ती म्हणायची, "सुटली बाई मी, कंबर मोडून जात होती." खोटं बोलत होती. तिला ते फार लागलं होतं. बाकीच्या घरांचं तिला काही नव्हतं, पण असनाऱ्यांच्या घरच्या त्या दोघी तिने लग्न होऊन आल्यापासून उभ्या केल्या होत्या. त्या आपल्या आहेत, असं ती समजायची. त्या घरून बोलावणं यावं, उजळ माथ्याने जावं आणि दोघींना उभं करावं, एवढं एकच तिला जगाकडून हवं होतं. मागायला मात्र ती जाणार नव्हती, मेली तरी.

अठ्ठावन्न सालच्या पावसाळ्याच्या अखेरीस मोहिनी टॉकीजचा गेटकीपर पुंजाजी तिच्या दारात येऊन उभा राहिला. "मॅनेजरसाहेबानं बलावलं बाई. राणीचा घागरा फाटला."

"कोणती राणी?"

"खोक्यातली," पुंजाजी म्हणाला. त्याला वाटलं, यात सगळं आलं.

प्रकार असा होता. मोहिनीला येत्या शुक्रवारी एक मोठा चित्रपट लागणार होता. त्यात एक जादूगारीण राणी असते. दरबारात तिची तिच्याच मापाची एक मूर्ती असते, आणि राणी शिकारीला गेली की ती मूर्ती हुकूम सोडते आणि न ऐकणाऱ्या राजपुत्रांचे कावळे करते. चित्रपटवाल्यांनी त्या मूर्तीची हुबेहूब नक्कल मुंबईला बनवून घेतली होती. सुटे भाग करून, खोक्यात भरून ती गावोगावच्या टॉकीजमध्ये फिरवायची, लोकांनी बघून थक्क व्हायचं आणि तिकिटं काढायची, असा बेत. वऱ्हाडात पहिला मान अमरावतीचा, नंतर अकोल्याचा. खोका रेल्वेने बडनेऱ्याला उतरला आणि तिथून छकड्यात घालून आणला.

मॅनेजर उत्तमराव भला माणूस, पण घाबरट. टॉकीजच्या व्हरांड्यात तो आणि पुंजाजी सकाळपासून राणीशी झोंबत होते. चारुशीला पोचली तेव्हा राणी फरशीवर पालथी पडलेली होती आणि तिचा एक हात बाकाखाली गेला होता.

"बाई, हे पाहा ना जी," उत्तमराव काकुळतीला आला. "मुंबईचा कागद हाये, नंबर टाकेल हायेत. चार नंबर सात नंबरात बसवा, असं लिवलं हाये. बसवला. उभी केली का पडते. आता त घागराई टरकला. शुक्रवार आला, मले काईच सुचून नाई राहिलं."

चारुशीलेने घागरा उचलून पाहिला. जरीचं काम चांगलं होतं, शिवण भिकार. मग तिची नजर बाकीच्या सामानाकडे गेली आणि तिथेच अडकली. पायांच्या लोखंडी पट्ट्या, मधला गज, कमरेची पत्र्याची दोन अर्धी कवचं, हुक, नट, बोल्ट. प्लास्टरचा चेहरा भुश्यात जपून ठेवलेला. कागदाच्या लगद्याचे हात, कोपरापासून सुटे, नखं रंगवलेली. केसांचा टोप, काचेच्या खड्यांचा मुकुट, बाजूबंद, वाक्या, कमरपट्टा, पैंजण, प्रत्येक दागिना वेगळ्या कापडात गुंडाळलेला. चार वर्षांत असं सामान तिच्या हाताखाली आलं नव्हतं. तिने पदर खोचला.

"घागऱ्याचं मागून पाहू. सरका तुमी दोघं."

"पण बाई, नंबर..."

"बाईच्या अंगाले कायचे नंबर, उत्तमराव?"

तिने सगळं सोडवलं आणि मुळापासून सुरुवात केली. पायाच्या पट्ट्या फळीला आवळून घेतल्या. मधला गज हातात धरला आणि डोळ्यासमोर आडवा करून पाहिला. कमरेपाशी तो चांगलाच वाकडा होता. "रेल्वेत दबला," ती म्हणाली. "माल कसा फेकतात मेले! पुंजाजी, हातोडी आणा."

आता त्या गजाची गोष्ट सांगायलाच हवी. तो रेल्वेत दबला नव्हता. मुंबईच्या कारागिराने तो मुद्दाम, मोजून मापून वाकवला होता, कारण चित्रपटातली ती मूर्ती एका कमरेवर भार देऊन, हनुवटी वर करून, मद्याचा पेला पुढे धरून उभी असते. मान कलावी म्हणून एक लाकडी पाचरही खोक्यात होती. पण आजवर चारुशीलेने ज्या बायांना उभं केलं होतं, त्या सरळ उभ्या राहणाऱ्या होत्या. पुंजाजीने गज ठोकून सरळ केला. पाचर तिने खोक्याची ढलपी समजून बाजूला टाकली.

उत्तमरावाने भीत भीत सोबत आलेला फोटो पुढे केला. "बाई, यात त ते जराशी तिरपी दिसते."

चारुशीलेने फोटो दूर धरून पाहिला, जवळ धरून पाहिला. "फोटोवाल्याचा हात हालला," तिने निकाल दिला. उत्तमरावाने पुन्हा फोटो पाहिला आणि त्यालाही तसंच दिसायला लागलं. तिच्या बोलण्यात एवढी खात्री असायची की माणसाला स्वतःच्या डोळ्यांची शंका यायची.

कमरेचं कवच बसवून तिने आत हात घातला. आत पोकळ. "पोट रिकामं आहे तिचं. पडन नाई त काय करन? पुंजाजी, गहू आणा. चांगले निवडलेले."

पुंजाजी चमकला. महालक्ष्मीच्या कोठीत धान्य भरतात, हे त्याला माहीत होतं. पण बाईंना विचारायची त्याची छाती नव्हती. त्याने शेजारच्या दुकानातून गहू आणले, चारुशीलेने ते पिशवीत भरून पिशवी राणीच्या पोटात नीट बसवली, आणि काय सांगावं, राणी खांबासारखी उभी राहिली. उत्तमरावाने तिला हलकेच ढकलून पाहिलं. हलली नाही. त्याच्या डोळ्यांत पाणी यायचंच काय ते राहिलं होतं.

पुढचे तीन दिवस चारुशीला शाळा सुटली की टॉकीजवर जायची. दागिने मात्र तिने अगदी फोटोबरहुकूम घातले. बाजूबंद कोणत्या दंडात, वाकीची नक्षी कुठल्या बाजूला, कमरपट्ट्याचा लोंबता तुकडा कुठे, सगळं तंतोतंत. निखळलेले खडे डिंकाने बसवले, टोपाला तेल लावून विंचरलं. घागऱ्याची मुंबईची शिवण उसवून आपली घातली, आणि त्याच्या चुण्या महालक्ष्मीच्या निऱ्यांसारख्या एकाखाली एक लावल्या. पेल्याचा हात सरळ गजावर बसवला, तेव्हा तो पुढे जायच्या ऐवजी छातीशी आला. चेहऱ्याची डावी भुवई तेवढी चढलेली होती, तिला काही इलाज नव्हता. "यायले उशीर झाला म्हणून रागावली असन," चारुशीला म्हणाली आणि दोन पावलं मागे येऊन पाहत राहिली. तिला फार बरं वाटत होतं. इतकं बरं तिला हरिहर गेल्यापासून वाटलं नव्हतं.

शुक्रवारी टॉकीजचं दार उघडलं आणि पहिली आत आली ती तानुबाई, कोपऱ्यावर फुलं विकणारी म्हातारी. तिने वर पाहिलं आणि वहाणा काढल्या.

पुंजाजीने गव्हाची गोष्ट पोटात ठेवली नव्हती. दुपारच्या खेळापर्यंत ती पेठेत पोचली होती. मोहिनीत देवी उभी आहे, पोट भरलेलं आहे, हातात करंडा आहे! मद्याच्या पेल्यात संध्याकाळपर्यंत बोटभर कुंकू साठलं. दुसऱ्या दिवशी ओट्या सुरू झाल्या. खणनारळ घेतलेल्या बाया रांगेने यायच्या, नवरे तिकिटं काढून आत जायचे. व्हरांड्यात विड्या ओढणं आपोआप बंद झालं. वहाणांचा असा ढीग पडायला लागला की पुंजाजी तिकिटं फाडायचं सोडून जोड लावत बसायचा.

तानुबाईने तर चित्रपटही पाहिला. बाहेर आल्यावर बायांनी तिला घेरलं. आत ही काय करते म्हणे?

"राजपुत्रायचे कावळे करते," तानुबाई म्हणाली.

"अगं माय! देवी असं काहून करन?"

"त्या पोट्ट्यायचं वागणंच तसं होतं वं," तानुबाईने देवीची बाजू घेतली, आणि प्रश्न मिटला.

उत्तमराव खूश होता. फक्त एका गोष्टीची त्याला धाकधूक होती. बाया विचारायच्या, इतकी सुरेख कुणी उभी केली? विधवेने, असं सांगितलं तर ओट्या थांबतील आणि वर बोलणी बसतील, असं त्याला वाटायचं. तो सांगायचा, मुंबईचा कारागीर आला होता. चारुशीलेच्या कानावर हे गेलं. "सांगा काय सांगाचं ते," ती म्हणाली आणि मुकुट पुसत राहिली. पण त्या दिवशी घरी जाताना तिचं पाऊल जड झालं होतं, हे काही खोटं नाही.

महालक्ष्म्या यायचा दिवस उजाडला. दुसऱ्या दिवशी राणीचा खोका अकोल्याला जायचा होता, म्हणून टॉकीजवर सकाळपासून झुंबड. चारुशीला मूर्तीच्या मागे उभी राहून हारांच्या ओझ्याने सरकलेला टोप नीट करत होती. एवढ्यात रांग मोडून एक बाई घाईघाईने पुढे आली. सिंधू. कपाळावर घाम, केस सुटलेले. मूर्तीला कसाबसा नमस्कार करून ती उत्तमरावाकडे वळली.

"मॅनेजर, तो मुंबईचा कारागीर गावात आहे का हो? असेल तर आत्ता आमच्या घरी पाठवा. सकाळपासून महालक्ष्म्या उभ्या राहत नाहीत. धाकटी सारखी पुढे कलते. गेल्या वर्षी ऐन आरतीत मुखवटा पडला, वर्षभर माझ्या जिवाला घोर लागलाय. मुहूर्त टळेल हो!"

उत्तमराव खाकरला. "ते... ते कारागीर त गेले जी. परवाच."

चारुशीला मूर्तीमागे उभी होती. गप्प बसली असती तर काही बिघडलं नसतं. उत्तमराव सुटला असता, बाया सुखाने ओट्या भरून घरी गेल्या असत्या. तिने टोप घट्ट बसवला. ती पुढे आली.

"कुठी गेले नाई कारागीर. मी केली हे उभी, वैनी."

रांगेत कुणी हातातल्या ताटातलं कुंकू झाकलं, कुणी एकमेकींकडे पाहिलं. एकीने ओटीत घातलेला नारळ हळूच परत घेण्यासाठी हात पुढे केला. तानुबाईने तो हात वरच्यावर धरला.

"ठेव थो तिथीच. माही सून अडली होती चांदूर रेल्वेले. हिच्या पुढी नवस बोलली मी, परवा सुटली, पोरगी झाली, दोघी मायलेकी खुशाल हायेत. आता काय नवस वापस घेऊ? आन देवीले चाललं ते तुले काहून नाई चालत वं?"

हात मागे गेला. त्या रांगेतल्या प्रत्येकीनेच काही ना काही मागून ठेवलं होतं.

सिंधू जावेकडे पाहत होती. मग तिची नजर घागऱ्याच्या चुण्यांवर गेली. त्या चुण्या तिने आधीच ओळखायला हव्या होत्या. ती जवळ आली आणि आवाज उतरवून म्हणाली, "चारू, चल घरी. मी पडदा लावते. तू आतून उभ्या कर, मग मी पुढे होईन. कुणाला कळायचं नाही."

"पडदा नाई," चारुशीला म्हणाली. आवाज तिने उतरवला नाही. "सगळ्यायच्या देखत उभ्या करीन. पयलं कुंकूही मीच लावीन. चालत असन त येते. नसन चालत त पुंजाजीले घेऊन जा, गहू भरनं शिकला आहे तो."

पुंजाजीने घाबरून उत्तमरावाकडे पाहिलं. सिंधूच्या चेहऱ्यावर मोरोपंत दिसत होते, भटजी दिसत होते, नागपूरची आई दिसत होती. चारुशीलेचा जीव टांगणीला लागला होता. नको म्हणाली, तर पुन्हा कधीच नाही, हे तिला पक्कं कळत होतं. तरी तिने शब्द मागे घेतला नाही.

"चल," सिंधू शेवटी म्हणाली, आणि तिचा हात धरून रांगेच्या मधून तिला बाहेर घेऊन गेली. वहाणा दोघींच्याही टॉकीजवरच राहिल्या.

घरी देवघरासमोर शेजारपाजारच्या बाया जमल्या होत्या. चारुशीला आत आली तशा त्या भिंतीला सरकल्या. मोरोपंत दारात आले, धाकट्या भावजयीला पाहिलं आणि काही बोलणार तोच सिंधू म्हणाली, "अहो, उभे काय? दुसरा पाट आणा, हा डुगडुगतो." वकिली पुष्कळ केलेल्या त्या माणसाने तोंड मिटलं आणि ते पाट आणायला गेले.

चारुशीलेने दोघींना उतरवून पुन्हा मांडलं. कोठीतले गहू काढून नीट दाबून भरले, मुखवटे बसवले, हात जुळवले. थोरली उभी राहिली, मग धाकटी. कलणं नाही, डुगडुगणं नाही. भटजींनी एकदा तिच्या रिकाम्या कपाळाकडे आणि एकदा सिंधूच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि ते मंत्र म्हणायला लागले. सिंधूने कुंकवाचा करंडा उघडून पुढे धरला. चारुशीलेने थोरलीला कुंकू लावलं, धाकटीला लावलं. बोट जराही हललं नाही.

बाया आरतीची तयारी करू लागल्या. चारुशीला धाकटीचा पदर खांद्यावर बसवत होती. सिंधू तिच्या कानाशी आली.

"चारू, तुला इथे येऊन त्रास होईल असं वाटलं गं मला. म्हणून नाही बोलावलं इतकी वर्षं. तू तर शाळेत म्हणायचीस म्हणे, सुटले म्हणून."

"चारही वर्ष या दिवशी मी पहाटेच न्हाऊन, धुतलेलं लुगडं नेसून बसली होती वैनी," चारुशीला म्हणाली. "दाराची कडी काढून. दिवस मावळेपर्यंत."

सिंधूला तिथेच, सगळ्या बायांसमोर, हुंदका फुटला. रडू चारुशीलेलाही येत होतं, पण तिने पदराची टाचणी दातांत धरली होती.